छोटी डिस्क, मोठी डिस्क आणि आजीच्या ओव्या



आमच्या शाळेत कॉम्प्युटर आहे. एकच! गावातल्या एका दादांच्या ऑफिसात तो जुना झाला, म्हणून त्यांनी तो आमच्या शाळेला भेट दिला. त्याचं बटण दाबायचा मान रोज एकाला मिळतो. बटण दाबायचं आणि सगळ्यांनी मैदानावर परिपाठाला जायचं. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, बातम्या, बोधकथा, सगळं आटोपून मुलं वर्गात परत यायची, तरी पडद्यावर ते ठिपके गोल गोल फिरतच असायचे. एकदा चौथीतल्या एका मुलानं विचारलं, "बाई, हा अजून झोपेतनं उठला नाही का?"

सगळे हसले. मीही हसले. पण प्रश्न काही खोटा नव्हता. हा कॉम्प्युटर उठायला एवढा वेळ का लावतो? तो म्हातारा झाला म्हणून? की आपण त्याच्या डोक्यात फार भरून ठेवलंय म्हणून?

या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता आम्ही त्याला एक छोटी, चपळ डिस्क बसवली आणि त्याची जुनी मोठी डिस्क कोठीसारखी वापरायला लागलो. ते करताना माझ्या हातून एक फार मोठी चूक होता होता राहिली. ती गोष्ट आज तुम्हांला सांगायची आहे. तुमच्या घरीही जुना कॉम्प्युटर असेल, तर ती उपयोगी पडेल. आईबाबांनाही वाचायला द्या.

डिस्कमधला खजिना

आधी हे सांगते, की त्या कॉम्प्युटरमध्ये होतं काय. शाळेचे फोटो होते, स्नेहसंमेलनाची चित्रफीत होती, मुलांनी काढलेली चित्रं होती. आणि होत्या ओव्या.

जात्यावर बसलं की ओवी सुचते, असं म्हणतात. आता गावात गिरणी आहे, जाती कोपऱ्यात उभी करून ठेवलेली. पण आज्यांना ओव्या आठवतात. म्हणून एका उन्हाळ्याच्या सुट्टीत सहावी-सातवीच्या मुलांनी घरोघरी जाऊन, घरातल्याच मोबाईलवर, आज्यांच्या ओव्या टिपून घेतल्या. महाराष्ट्रात हे काम याआधी फार मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे, बरं का! हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसोबत खेड्यापाड्यांतून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आमच्या जमल्या त्रेसष्ट फायली. पण त्या आमच्या गावच्या!

सातवीतल्या एका मुलीची आजी तर दोन दिवस गात होती. गाऊन झाल्यावर तिनं मला विचारलं, "बाई, मी गेल्यावर बी ह्यो आवाज ऱ्हाईल का वो?"

मी म्हटलं, "राहील की आजी. कॉम्प्युटरमध्ये ठेवलाय."

त्या आजी पुढच्या श्रावणात गेल्या.

जातं आणि हार्ड डिस्क

आता वळू या आपल्या प्रश्नाकडे. कॉम्प्युटर एवढा हळू का होता?

आमच्या कॉम्प्युटरमध्ये ५०० जीबीची हार्ड डिस्क होती. हार्ड डिस्क म्हणजे काय, हे कळायला जातं डोळ्यांसमोर आणा. डिस्कच्या बंद डबीत गुळगुळीत तबकड्या असतात आणि त्या जात्यासारख्या गरगर फिरतात. किती वेगानं? घरच्या कॉम्प्युटरमधली बहुतेक मोठी डिस्क मिनिटाला ७,२०० वेळा फिरते. म्हणजे सेकंदाला १२० फेरे! तबकडीवर चुंबकाच्या खुणांनी सगळी माहिती लिहिलेली असते. एक बारीक दांडी तबकडीवर आतबाहेर सरकत असते. तिच्या टोकाला वाचणारं-लिहिणारं डोकं असतं. हे डोकं तबकडीला टेकत नाही. केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतर ठेवून ते तरंगत राहतं. म्हणून तर चालू कॉम्प्युटरला धक्का मारायचा नसतो.

पहिली हार्ड डिस्क १९५६ साली आयबीएम कंपनीनं आणली. तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि ते धूड कपाटाएवढं होतं. त्या सगळ्या तबकड्यांत मिळून मावत होती सुमारे ५० लाख अक्षरं. आज मोबाईलवर काढलेल्या एका मोठ्या फोटोला साधारण तेवढीच जागा लागते! तेव्हापासून डिस्क लहान झाली, जागा प्रचंड वाढली, पण फिरणं काही सुटलं नाही.

आणि गोम तिथेच आहे. वही-पेन्सिल घ्या, आपण गणित करू.

सेकंदाला १२० फेरे, म्हणजे एका फेऱ्याला सेकंदाचे सुमारे ८ हजारांश भाग लागतात. हव्या त्या खुणेसाठी कधी पूर्ण फेरा थांबावं लागेल, कधी अजिबात नाही. सरासरी धरली अर्धा फेरा, म्हणजे ४ हजारांश. शिवाय दांडी सरकून त्या जागी यायला सुमारे ९ हजारांश. झाले १३. आता १,००० भागिले १३ करा. उत्तर येतं ७६ आणि काही. म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेले माहितीचे तुकडे आणायचे असतील, तर ही डिस्क सेकंदाला जेमतेम ७५ तुकडे आणते.

कॉम्प्युटर सुरू होताना असे हजारो छोटे छोटे तुकडे लागतात. एक इथला, एक तिथला. बिचारी दांडी नुसती पळत असते! कॉम्प्युटर झोपेत नव्हता मुलांनो, तो धावत होता.

न फिरणारी डिस्क

मग चपळ डिस्क कोणती? तिचं नाव एसएसडी, म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्ह. हिच्यात फिरणारं, सरकणारं काहीच नाही. पेन ड्राइव्ह किंवा मोबाईलचं कार्ड असतं, त्याच जातीच्या चिप हिच्यात असतात. त्यांना फ्लॅश मेमरी म्हणतात. जपानच्या तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात ती शोधून काढली. त्या चिपमध्ये अगदी सूक्ष्म घरं असतात. त्या घरांत विजेचे कण अडकवून ठेवतात, आणि वीज गेली तरी ते तिथेच राहतात.

घरं अनेक, पण कुठल्याही घराशी पोचायला फेरा नाही की दांडी नाही. एक तुकडा आणायला साधारण एका सेकंदाचा दहा हजारावा भाग पुरतो. करा बरं तुलना! एकीकडे सेकंदाला ७५ तुकडे, दुसरीकडे १०,०००. कॉम्प्युटर सुरू व्हायला लागणारा वेळ कुठल्या कुठे पळतो, तो यामुळे.

मग सगळंच या चपळ डिस्कमध्ये का ठेवू नये? ठेवता येतं की. पण तेवढ्याच पैशांत हार्ड डिस्कची जागा कितीतरी जास्त मिळते. आणि दुसरं असं, की प्रत्येक गोष्टीला वेग लागतोच कुठे?

तुमच्या आईचं स्वयंपाकघर आठवा. गॅसच्या ओट्याजवळ मिसळणाचा डबा असतो. मोहरी, हळद, तिखट, जिरं, सगळं हाताशी. फोडणी जळायच्या आत मोहरी हवी, नाही का? पण वर्षाचे गहू-तांदूळ काही कोणी ओट्यावर ठेवत नाही. ते कोठीत. तिथे जायला अर्धा मिनिट लागला तरी बिघडत नाही.

आता आपल्या ओव्यांचं बघा. तीन मिनिटांची ओवी मोबाईलवर साधेपणानं टिपली, तर साधारण ३ एमबी जागा घेते. जुनी हार्ड डिस्कसुद्धा एका ओळीत ठेवलेली माहिती सेकंदाला १०० एमबीच्या आसपास देऊ शकते. ओवी तर ऐकायची तीन मिनिटं. तिला घाई कशाची? फोटो, गाणी, चित्रफिती या सगळ्यांचं असंच आहे. हे धान्य आहे, मोहरी नाही.

म्हणून वाटणी अशी. कॉम्प्युटर चालवणारी मूळ प्रणाली, रोजची सॉफ्टवेअर आणि आज ज्यावर काम चालू आहे त्या फायली छोट्या चपळ डिस्कवर. फोटो, ओव्या, चित्रफिती, मागच्या वर्षांचं सगळं काही मोठ्या डिस्कवर.

एक घोटाळा मात्र करू नका. दुकानात किंवा जाहिरातीत 'रॅम' म्हणून जे सांगतात ते याहून वेगळं. रॅम म्हणजे पाटी. कॉम्प्युटर त्यावर गणित करतो आणि बंद होताना पाटी पुसून टाकतो. डिस्क म्हणजे वही. पुसली जात नाही. अर्थात, आपण स्वतःच पुसली नाही तर!

तो शनिवार

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय मांडला, पालकांनी मदत केली आणि २०२५च्या दिवाळीनंतर २४० जीबीची एसएसडी शाळेत आली. हातात घेऊन मुलं म्हणाली, "बाई, ही तर चपटी! एवढीशी?" खरंच, पत्त्यांच्या जोडापेक्षाही पातळ.

वेळही बरोबर साधली होती. आमच्या कॉम्प्युटरवर विंडोज १० होतं. १४ ऑक्टोबर २०२५ला कंपनीनं त्याला सुरक्षेच्या नेहमीच्या दुरुस्त्या देणं थांबवलं. विंडोज ११ जुन्या यंत्रावर बसत नव्हतं. म्हणून ठरवलं, की नव्या डिस्कवर लिनक्स मिंट घालायचं. ते फुकट मिळतं आणि जुन्या यंत्रावरही नीट चालतं. लिनक्सला घाबरायचं कारण नाही. केरळातल्या सरकारी शाळांमधली मुलं कित्येक वर्षांपासून लिनक्सवरच शिकताहेत.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही कॅबिनेट उघडलं. मी, सातवीच्या दोघी-तिघी आणि पाचवीतला एक बडबड्या मुलगा. तो सारखा मध्ये मध्ये करत होता म्हणून मी त्याला एक काम देऊन टाकलं होतं, "पडद्यावर जे जे येईल ते मोठ्यानं वाच." लिनक्स भरलेला पेन ड्राइव्ह लावला. प्रश्न येत गेले, मी उत्तरं देत गेले. मग एक पान आलं. त्यावर लिहिलं होतं, की निवडलेली डिस्क पूर्ण पुसली जाईल आणि तिथे लिनक्स बसेल. खाली डिस्कचं नाव आपोआप आलेलंच होतं. मला वाटलं, नवी डिस्क आहे, पुसू दे की! मी बटणाकडे बाण नेला.

आमचा बडबड्या वाचत होता, "पाचशे... जीबी..." आणि एकदम थांबला. "बाई, आपली नवी तर दोनशे चाळीसची ना?"

माझा हात तिथेच थांबला.

कॉम्प्युटरनं यादीतली पहिली डिस्क आपणहून निवडली होती. पहिली होती जुनी, मोठी. ओव्यांची. मी बटण दाबलं असतं, पुढच्या प्रश्नालाही घाईत 'हो' म्हटलं असतं, तर त्रेसष्ट फायली गेल्या असत्या. दुसरीकडे कुठे होत्या का त्या? नव्हत्या. मोबाईल भरले म्हणून मुलांनी घरच्या फायली कधीच पुसल्या होत्या. 'प्रत काढून ठेवू या' असं मी तीन महिने म्हणत होते. नुसतं म्हणत होते.

मी त्या सातवीतल्या मुलीकडे पाहिलं. तिनं काहीच विचारलं नाही. पण तिला सगळं कळलं होतं.

मी कॉम्प्युटर बंद केला आणि मुलांना सांगितलं, "आज काम बंद. चूक माझी आहे. सोमवारी नीट करू." बाईसुद्धा चुकतात, आणि चुकल्या की कबूल करतात, हे मुलांना कळलेलं बरं, असं मला वाटतं.

सोमवारी, शहाणपणानं

सोमवारी आम्ही जसं केलं, तसं तुम्हीही करा. मोठं माणूस सोबत घेऊनच, हे सांगायला नको.

१. सगळ्यांत आधी प्रत. मी घरून बाहेरून जोडायची डिस्क नेली होती. ओव्या आणि फोटो तिच्यावर उतरवले. मग मोजले. इकडे त्रेसष्ट, तिकडे त्रेसष्ट. मुलांनी अधल्यामधल्या दहा ओव्या उघडून वाजवून पाहिल्या. नुसतं नाव दिसणं म्हणजे फाइल शाबूत असणं नव्हे.

२. विंडोज पूर्ण बंद करणं. विंडोज १० बंद केलं तरी अनेकदा अर्धवट झोपतं, म्हणजे पुढच्या वेळी लवकर उठता येईल. त्याला फास्ट स्टार्टअप म्हणतात. ते बंद केलं नाही तर लिनक्सला जुन्या डिस्कवरचं वाचता येतं, पण लिहिता येत नाही. म्हणून ती सोय आधी बंद केली.

३. वीज तोडणं. नुसतं बटण नाही, तर वायरच भिंतीतून काढली. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावला. अंगावर साठलेली स्थिर वीज चिपला इजा करू शकते, ती अशानं निघून जाते. केसांवर घासलेली पट्टी कागदाचे कपटे उचलते ना, तीच ही वीज.

४. मोठ्या डिस्कच्या वायरी काढून ठेवणं. हीच ती गोष्ट, जी मी शनिवारी आळसानं केली नव्हती. कोण पुन्हा काढणार, पुन्हा लावणार, असं वाटलं होतं. दोनच तर वायरी! एक रुंद, विजेची. एक अरुंद, माहितीची. त्याच प्रकारच्या दोन वायरी नव्या डिस्कला जोडल्या. दोन्हींना एका बाजूला खाच असते, त्यामुळे उलट्या बसत नाहीत. बसत नसेल तर जोर करायचा नाही, उलटून पाहायचं.

५. लिनक्स बसवणं. आता कॉम्प्युटरला एकच डिस्क दिसत होती, २४० जीबीची. चूक करायची म्हटली तरी करता आली नसती! तरी आमच्या बडबड्यानं आकडा मोठ्यानं वाचलाच.

६. मोठी डिस्क परत जोडणं. वीज पुन्हा तोडून त्या दोन वायरी लावल्या. मग चालू करताना कॉम्प्युटरच्या सुरुवातीच्या सेटिंगमध्ये, म्हणजे बायोसमध्ये जाऊन सांगितलं, की पहिल्यांदा छोट्या डिस्ककडे बघ. नाहीतर जुन्या डिस्कवर जुनं विंडोज अजून होतंच, तो सवयीनं तिकडेच गेला असता.

७. कोठीची वाट दाखवणं. मोठी डिस्क दरवेळी आपोआप उघडेल असं ठरवून दिलं आणि ओव्या, फोटो, चित्रफिती अशा फोल्डरांच्या वाटा समोरच मांडल्या. विंडोज असेल तर आणखी सोपं. फोटोंच्या किंवा डॉक्युमेंट्सच्या फोल्डरवर उजवी टिचकी मारा, प्रॉपर्टीजमध्ये जा, लोकेशन पाहा आणि तिथून ते मोठ्या डिस्कवर हलवा. पुढचे फोटो आपोआप तिकडेच जातील.

हलवताना एकच नियम. आधी प्रत काढा, उघडून पाहा आणि मगच मूळ पुसा. घर बदलताना आई काचेच्या बरण्यांचं करते ना, तसं. नवी जागा नीट बघितल्याशिवाय जुनीवरून हात काढायचा नाही.

लॅपटॉप असेल तर आतली जागा कमी असते. काहींमध्ये छोट्या पट्टीसारख्या एसएसडीसाठी वेगळी खाच असते. पण त्या पट्ट्यांचे दोन प्रकार येतात, साटा आणि एनव्हीएमई. दिसायला सारख्याच, पण एकाच्या जागी दुसरी चालेलच असं नाही. म्हणून विकत घेण्याआधी आपल्या लॅपटॉपचं पुस्तक पाहावं किंवा दुरुस्ती करणाऱ्या काकांना विचारावं.

दोन डिस्कांची देखभाल

छोटी डिस्क गळ्यापर्यंत भरू नका. पाचवा हिस्सा तरी मोकळा ठेवा. तिच्या सूक्ष्म घरांत लिहून-पुसून लिहून-पुसून ती झिजतात. म्हणून डिस्क स्वतःच लिहिण्याचं काम सगळ्या घरांत सारखं वाटून देत असते, रोज एकाच मुलाला फळा पुसायला लावत नाही. जागा मोकळी असली, की ही वाटणी नीट होते. जुन्या हार्ड डिस्कचा वेग वाढावा म्हणून 'डीफ्रॅग' करायची पद्धत होती, म्हणजे विखुरलेले तुकडे ओळीनं लावायचे. ते एसएसडीला करायचं नाही. तिथे दांडीच नाही, तर ओळीचा फायदा कसला? उगाच झीज मात्र होईल.

मोठ्या डिस्कचे वैरी दोन. धक्का आणि अचानक जाणारी वीज. आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून कॉम्प्युटरला जोडून यूपीएस ठेवला आहे. आणि मोठी डिस्क टक-टक असा आवाज करू लागली, तर तो सरळ इशारा समजायचा. त्या दिवशी इतर सगळं सोडून प्रत काढायची.

आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं. मोठी डिस्क म्हणजे सुरक्षित डिस्क नव्हे! कोठी कितीही मोठी असली तरी तिला घूस लागू शकते. जे पुन्हा मिळणार नाही, ते एकाच ठिकाणी ठेवायचं नाही. जाणकार लोक तीन-दोन-एक असा नियम सांगतात. प्रती तीन, साधनं दोन प्रकारची, आणि एक प्रत दुसऱ्या घरी. आमच्या ओव्यांची एक प्रत शाळेच्या मोठ्या डिस्कवर आहे, दुसरी माझ्या घरच्या बाहेरच्या डिस्कवर. तिसरी कुठे आहे, ते शेवटी सांगते.

पस्तीस जीबी कोणी खाल्ले?

जाता जाता एक गंमत. जुन्या डिस्कवर बाहेर लिहिलं होतं ५०० जीबी. पण विंडोज सांगायचं, ४६५ जीबी. मुलं म्हणाली, "बाई, दुकानदारानं फसवलं!"

फसवलं नाही. डिस्क बनवणारे एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. विंडोज मात्र १,०२४ गुणिले १,०२४ गुणिले १,०२४ असा गुणाकार करून एक जीबी मोजतं. करून पाहा, उत्तर येतं १,०७,३७,४१,८२४. माप मोठं, म्हणून मापं कमी भरली. धान्य तेवढंच! पायलीनं मोजा की शेरानं, कणगीतलं धान्य बदलत नाही. आता तुमच्यासाठी गणित. आमची २४० जीबीची डिस्क विंडोजमध्ये किती दिसेल? (उत्तर : सुमारे २२३.)

आता रोज सकाळी

आता रोज सकाळी ज्याचा मान असेल तो बटण दाबतो. वीस-पंचवीस अंक मोजेपर्यंत कॉम्प्युटर तयार! पहिल्या दिवशी तो चौथीतला मुलगा म्हणाला, "बाई, आता परिपाठाला जाऊ की नको?"

"जायचं!" मी म्हटलं. "तो लवकर उठला म्हणून आपल्याला सुट्टी नाही!"

त्या सोमवारी सगळं जुळवून झाल्यावर मी सातवीतल्या त्या मुलीला बोलावलं. कोठीतलं ओव्यांचं फोल्डर तिनंच उघडलं. आजीचा आवाज वर्गात भरला, मागे कोंबडं आरवतंय, कोणीतरी भांडी घासतंय. ती मान खाली घालून ऐकत राहिली. मग तिनं दप्तरातून एक छोटा पेन ड्राइव्ह काढला. वडिलांनी शनिवारीच तालुक्याहून आणला होता. "बाई, यात पण द्या."

तीच आमची तिसरी प्रत. आजींना मी जे सांगितलं होतं, ते खरं करायला मला तीन प्रती आणि पाचवीतला एक बडबड्या लागला.

करून पाहा

या रविवारी घरातल्या मोठ्यांना सोबत घेऊन बसा. आपल्या कॉम्प्युटरमध्ये आणि मोबाईलमध्ये अशा कोणत्या पाच गोष्टी आहेत, ज्या गेल्या तर पुन्हा मिळणार नाहीत? त्यांची यादी करा. प्रत्येकीसमोर लिहा, ती किती ठिकाणी आहे. जिच्यासमोर 'एक' असा आकडा आला, तिची प्रत त्याच दिवशी काढा. माझ्यासारखं तीन महिने 'काढू या, काढू या' करू नका.

आणि आजी-आजोबा जवळ असतील, तर आधी त्यांच्याजवळ जाऊन बसा. आवाज टिपून घेतलेला असेल, तरच त्याची प्रत काढता येईल. खरं ना?

— तुमच्या बाई